घराला चाकं, आणि आम्ही दहा!

घर ओढत नेता येतं! खरंच! गाडीच्या मागे जोडायचं आणि न्यायचं! स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, फ्रीज, गॅसच्या टाक्या, सगळं पोटात घेऊन घर निघतं, सातशे किलोमीटर जातं, एका झाडाखाली उभं राहतं आणि मग त्याला नळ जोडतात, वीज जोडतात, सांडपाण्याची नळी जोडतात, आणि मग बाजूचं कापडी छप्पर बाहेर ओढून त्याखाली खुर्च्या टाकून चहा पितात! आणि ते झाड कुठे? डिस्ने वर्ल्डच्या आत! मला हे आजवर कुणी सांगितलं का नाही?

आधीच सांगते, मी यातली जाणकार नाही. ट्रेलर ओढणं सोडा, मी तो जवळून बघितलेलाही नाही. मी मोहाडीची, भंडारा-तुमसर रस्त्यावरची. आमच्याकडे गाडीमागे ओढतात ती ट्रॅक्टरची ट्रॉली, तीही धानाने भरलेली. पण सध्या मी दुसरं काही वाचत नाही, दुसरं काही बोलत नाही. भाजी चिरताना हेच बोलते, चौंडेश्वरीच्या देवळात रांगेत उभी राहून हेच बोलते, आणि आता तुम्ही सापडलात तर तुम्हालाही सोडणार नाही! बसा. चहा मागवा. हे लांबणार आहे!

झालं असं की धाकटे दीर आणि जाऊ अमेरिकेत अटलांटाला असतात. येत्या मे महिन्यात आम्ही सहा जण त्यांच्याकडे जाणार, हे केव्हाच ठरलंय. सासूबाई, मामाजी म्हणजे माझे सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं. ते चार. म्हणजे दहा! आता दहा माणसांनी फिरायला जायचं म्हणजे हॉटेलात तीन खोल्या, त्यातली एक दुसऱ्या मजल्यावर, सासूबाईंना रात्री नातवंडं हवीत जवळ आणि सकाळी स्वतःच्या हातचा चहा हवा, आणि मामाजींना बाहेरचं जेवण दोन दिवसांच्या वर चालत नाही. घोडं इथेच अडलं होतं. आणि मग एका रात्री जावेने एक व्हिडिओ पाठवला, खाली फक्त एवढंच लिहिलेलं, "वहिनी, हे बघा तर!" मी बघितला आणि मग पुन्हा बघितला आणि मग नवऱ्याला उठवून दाखवला आणि मग मुलं उठली आणि मग मामाजी काय झालं म्हणून बाहेर आले, आणि रात्री बाराला आमच्या घरात सगळे दिवे लागलेले!

जागेचं नाव फोर्ट विल्डरनेस. डिस्ने वर्ल्डमधलं पहिलं बाग-नगर, मॅजिक किंगडम, उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला, आणि हे तंबू-ट्रेलरचं रान त्याच वर्षी नोव्हेंबरात. म्हणजे हे काही नवं खूळ नाही, पन्नास वर्षांहून जुनं आहे! साडेसातशे एकरांच्या आसपासचं पाइन आणि सायप्रसचं जंगल, त्यात वळणावळणाच्या आळ्या, प्रत्येक आळीत ट्रेलर उभे करायच्या आखलेल्या जागा. प्रत्येक जागेवर जेवणाचं लाकडी टेबल! प्रत्येक जागेवर कोळशाची शेगडी! आणि नियम काय, एका जागेवर जास्तीत जास्त किती माणसं?

दहा!

दहा हो! बरोबर दहा! मी तो आकडा वाचला आणि मोठ्याने ओरडले! नऊ असता तर कुणाला तरी मागे ठेवावं लागलं असतं. डिस्नेवाल्यांनी जणू मोहाडीत येऊन आमची रेशनकार्डं तपासली आणि मग नियम केला. आणि काही प्रकारच्या जागांवर ट्रेलरशेजारी एक तंबूही लावता येतो. तंबूत कोण झोपणार यावरून मुलांची भांडणं आत्ताच सुरू झाली आहेत, आणि मुलांचे बाबाही त्या यादीत आहेत!

आता तिथे काय काय आहे ते ऐका. एकदा गाडी जागेवर लावली की आत फिरायला तिथल्याच बस. सायकल घ्या, नाहीतर गोल्फच्या मैदानात असते ती छोटी उघडी गाडी भाड्याने घ्या. आणि मॅजिक किंगडमला जायचं तर? होडीने! बे लेक नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठावरून होडी सुटते आणि थेट पार्कच्या दारात उतरवते! सकाळी आपल्या ट्रेलरमध्ये पोहे खायचे, डबा भरायचा, होडीत बसायचं आणि मग किल्ला दिसतो! तळ्यात पाय मात्र घालायचे नाहीत, फ्लोरिडाच्या पाण्यात मगरी असतात. मुलांना हे सांगितलं तर ती घाबरायची सोडून आणखीच खूश झाली.

आणि घोडे! मॅजिक किंगडमच्या मुख्य रस्त्यावर जी घोड्यांची ट्रॉली चालते, तिचे घोडे राहतात कुठे? इथे, फोर्ट विल्डरनेसमध्ये! त्यांचा तबेला आहे, जाऊन बघता येतो. सासूबाईंनी राजकन्या, किल्ला, आतषबाजी हे सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि घोड्यांचं नाव निघाल्यावर म्हणाल्या, "त्यांना चारा कोण टाकते?" त्यांची सहल त्या क्षणाला ठरली!

आणि रात्री! शेकोटी! रोज संध्याकाळी मोठी शेकोटी पेटते, चिप आणि डेल ही दोन खारोट्यांची पात्रं येतात, सगळे मिळून गाणी म्हणतात आणि मग उघड्यावर पडद्यावर सिनेमा लागतो. आणि याला पैसे? नाहीत! जिथे पाण्याच्या बाटलीलाही डॉलर मोजायचे तिथे शेकोटी, गाणी आणि सिनेमा फुकट! आणि मग तळ्याच्या काठी जायचं, कारण अंधारात पाण्यावरून दिव्यांची मिरवणूक जाते, तराफ्यांवर उभे केलेले विजेचे मासे, कासव, मोठा साप. ही मिरवणूकही १९७१ पासूनची. एके काळी या रानात वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वेही धावत होती, १९८० पर्यंत. ती आता नाही, याचं मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही, आणि तिच्याबद्दल मला महिनाभरापूर्वी काडीचीही माहिती नव्हती!

बरं. दहा माणसं. ट्रेलर केवढा? जावेने जो निवडला आहे त्यात पुढे दोघांचा पलंग, मागे एकावर एक दोन बर्थ आणि प्रत्येक बर्थ दोघांचा, जेवायचं टेबल खाली पाडलं की दोघांची जागा, सोफा उघडला की आणखी दोघांची. बेरीज करा! दोन, चार, दोन, दोन! कागदावर दहा! पण कागदावर माझा विश्वास बसेना. मग आम्ही काय केलं, अंगणात फक्कीने ट्रेलर आखला! अठ्ठावीस फूट लांब, आठ फूट रुंद, खऱ्या मापाने, टेप लावून. मुलाने नकाशा हातात धरला, मी सुतळी ताणली, नवऱ्याने फक्की टाकली. इथे दार. इथे शेगडी. इथे फ्रीज. इथे न्हाणी, अडीच फूट बाय तीन फूट, म्हणजे आत गेल्यावर वळायचं ते विचार करूनच! आणि मग आम्ही सहाही जण आपापल्या जागी जाऊन चक्क आडवे झालो. वरचा बर्थ अंगणात आखता येत नाही म्हणून मुलगी ओट्यावर झोपली. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या, त्यांना वाटलं कुणाला काही झालं! मग त्या आल्या, मग त्यांच्या सुना आल्या, आणि मग प्रत्येकीला सोफ्याच्या जागी बसून बघायचं होतं. आठ फूट रुंदी ऐकायला किती वाटते! आत उभं राहिलं की दोन माणसं एकमेकींना ओलांडून जाताना पोट आत घ्यावं लागतं. पण मग जावेने सांगितलं, थांबा, गाडी उभी केली की एक भिंत बाहेर सरकते! आख्खी भिंत! सोफ्यासकट! बटण दाबलं की घर तीन फुटांनी रुंद होतं! आम्ही लगेच जाऊन फक्कीची रेघ तीन फूट बाहेर सरकवली आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. वजन!

दिरांकडे मोठी पिकअप आहे. मला वाटलं, गाडीत ताकद असली की झालं, ओढेल. तसं नसतं! सगळा खेळ ट्रेलरचं किती ओझं गाडीच्या हुकवर टेकतं याचा आहे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के! भरलेला ट्रेलर साडेतीन टनांचा धरला तर साडेतीनशे ते सव्वापाचशे किलो पुढे हुकवर पाहिजेत. त्याहून कमी पडले, म्हणजे सामान मागे जास्त झालं, तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, शेजारून ट्रक गेला की झोल खातो, आणि तो झोल एकदा वाढला की आवरत नाही. आणि हुकवर फार जास्त झाले तर पिकअपची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि मग वळण आणि ब्रेक दोन्ही कच्चे! भाऊजी हे सगळं व्हिडिओ कॉलवर इंग्रजी शब्द घालून घालून समजावत होते, मी वहीत लिहीत होते, नवरा गणित करत होता, आणि मामाजी मागे खाटेवर बसून सुपारी कातरत होते. आणि मग ते म्हणाले, "अरे बाबू, ते तर बंडीचंच हाय! मांगं भार झाला का बंडी उलार होते, जू बैलाच्या मानेवरून उचलते. पुढं झाला का बैलाची मान मोडते. भार आखावर ठेवाचा, अन् जरासा पुढं."

अटलांटात शांतता!

आखावर, आणि जरासा पुढे! हेच ते दहा टक्के! माझी पानभर टिपणं आणि मामाजींचं एक वाक्य! आयुष्यभर त्यांनी धानाचे भारे शेतातून खळ्यात आणले, कुठला भारा कुठे रचायचा ते हाताला ठाऊक. त्या दिवसापासून सामान भरायच्या कामाचे प्रमुख मामाजी आहेत. पाण्याच्या बाटल्यांचे खोके कुठे, मुलांच्या सायकली कुठे, मोठा कुकर कुठे, सगळं ते सांगणार आणि भाऊजी लिहून घेणार. मागच्या बर्थखाली केवढी तरी रिकामी जागा आहे, सगळं तिथेच कोंबायचा मोह होतो. मामाजींनी ती जागा ऐकूनच बंद केली. तिथे फक्त उशा आणि चादरी!

आणि यावर यंत्रही आहे! हुकच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या ताणून बसवतात, त्या मागचं थोडं ओझं उचलून पिकअपच्या पुढच्या चाकांकडे पोचवतात. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात! विजेवर चालणारे! ड्रायव्हरजवळ एक डबी असते, तिच्यावर ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा हे ठरवतात, गाडीचा पाय दाबला की मागचाही लागतो. आणि पिकअपच्या दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या वर नको असं लिहिलेला. गंमत अशी की हुकवरचं ओझंही त्याच हिशेबात धरायचं! म्हणजे पाच माणसं पिकअपमध्ये बसली की हुकसाठी किती उरलं ते बघा. म्हणून बाकीचे पाच जण दुसऱ्या गाडीत. चालत्या ट्रेलरमध्ये बसता येत नाही, जॉर्जिया आणि फ्लोरिडा दोन्हीकडे कायद्याने मनाई आहे. मुलं हिरमुसली. बर्थवर लोळत जाऊ असं त्यांनी ठरवलं होतं. मला मात्र बरं वाटलं.

रिव्हर्सचं तर विचारूच नका! ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं होतं, स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. पण युक्ती इतकी सोपी आहे! हात स्टीअरिंगच्या तळाशी धरायचा. मग ट्रेलर डावीकडे पाहिजे तर हात डावीकडे, उजवीकडे पाहिजे तर उजवीकडे. बस! माझा नवरा दर हंगामात धानाची ट्रॉली राइस मिलच्या फाटकातून उलटी आत घालतो, इंचाचा फरक पडत नाही. आता रविवारी तो मोबाइल ट्रॅक्टरवर बांधून धाकट्या भावाला शिकवतो, आणि भाऊजी तिकडे रिकाम्या पार्किंगमध्ये भाड्याच्या छोट्या ट्रेलरवर सराव करतात. "हळू, हळू, अजून हळू, थांब!" एवढाच संवाद तासभर चालतो, आणि दोघं भाऊ इतके खुशीत असतात की मी मध्ये बोलत नाही.

आता जेवायला बसला नसाल तर टाक्यांचं सांगते. तीन टाक्या! एक स्वच्छ पाण्याची, एक मोरी-न्हाणीच्या पाण्याची, तिला राखाडी म्हणतात, आणि एक संडासाची, ती काळी. जागेवर सांडपाण्याची जोडणी असली की मला वाटलं, नळी लावायची आणि झडप उघडी सोडायची, काय ते वाहून जाईल. तसं करायचंच नाही! पाणी वाहून जातं आणि बाकीचं टाकीच्या तळाशी वाळून घट्ट बसतं. म्हणून काळ्या टाकीची झडप बंद ठेवायची, टाकी दोन तृतीयांश भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. आणि आधी काळी, मग राखाडी! कारण काळीने घाण झालेली नळी राखाडीच्या साबणपाण्याने धुऊन निघते! किती डोकं लावलंय कुणीतरी! मी हे सासूबाईंना इतक्या उत्साहाने सांगितलं की त्यांनी ताट बाजूला सारलं. पण त्यांची खरी काळजी वेगळी होती आणि तीही मिटली. जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर चांगली मोठी स्वच्छतागृहं आहेत, अंघोळीच्या सोयीची, कपडे धुवायच्या यंत्रांसकट. अडीच फुटांच्या न्हाणीत त्यांना वळायची गरजच नाही!

विजेचा हिशेब तर मोहाडीच्या माणसाला लगेच कळतो. खांबावर तीस अँपिअरची जोडणी, तिथला दाब १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३,६०० वॅट. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू आणि वरून कुणी विजेची किटली लावली की खटका पडला! आणि आपला मिक्सर तिथे चालायचाच नाही, तो २३० व्होल्टचा. म्हणून चटण्या सगळ्या इथून कुटून न्यायच्या, जवसाची, तिळाची, कऱ्हाळ्याची. गॅस मात्र भरपूर! ट्रेलरच्या नाकावर दोन टाक्या असतात, प्रत्येकीत नऊ किलो. आणि फ्रीज विजेवरही चालतो आणि गॅसवरही! गॅसवर फ्रीज थंड होतो! ज्योत पेटवायची आणि बर्फ करायचा! हे कसं होतं ते मी दोनदा वाचलं, अमोनिया उकळतो, थंड होतो, पुन्हा विरघळतो. माझं समाधान झालं नाही, आश्चर्य मात्र झालं. त्यासाठी ट्रेलर सपाट उभा लागतो, म्हणून चाकांखाली फळ्या सरकवायच्या आणि पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी लावून बघायचं.

आणि ती कोळशाची शेगडी! प्रत्येक जागेवर! विचार करा! वांगी भाजायची! मिठाच्या पाण्याचा हात लावून रोडगे भाजायचे! गोवऱ्यांची चव येणार नाही हे मान्य, पण तुरीचं वरण, भरीत आणि रोडगे, पाइनच्या झाडाखाली, लाकडी टेबलावर, दहा जण! मामाजींना आपल्या शेतातला तांदूळ न्यायचा होता. भंडारा जिल्ह्याचा माणूस तांदूळ सोडून जाईल कसा? पण नेता येत नाही. भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ अमेरिकेत नेऊ देत नाहीत, खाप्रा भुंगेरा नावाची साठवणीतली कीड आहे, ती तिकडे जाऊ नये म्हणून. मामाजींना कारण पटलं. कोठारातल्या किडीशी त्यांचंही जुनं वैर आहे. तांदूळ अटलांटातल्या भारतीय दुकानातून घेणार, पण शिजवताना पाणी किती घालायचं ते तेच सांगणार!

तारखा जुळवताना मात्र खरी कसोटी लागली. उन्हाळी धान निघतो मे महिन्याच्या मध्यापर्यंत. मृग लागतं जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, आणि पऱ्हे टाकायला मामाजी मोहाडीत पाहिजेत म्हणजे पाहिजेतच. जॉर्जियातल्या शाळा सुटतात मेच्या शेवटाकडे. मेचा शेवटचा सोमवार तिथे मेमोरियल डे, त्या सुटीला सगळी अमेरिका ट्रेलर जोडून रस्त्यावर. आणि १ जूनपासून तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम सुरू! शेत, शाळा, सण आणि वादळ, या चौघांच्या मधून एक फट शोधायची होती. आणि सापडली! मेमोरियल डे उलटल्यावर मंगळवारी पहाटे निघायचं, रविवारी परत अटलांटा, आणि मग मृगाच्या आत घरी! अटलांटा ते डिस्ने वर्ल्ड साधारण सातशे किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग नागपूरपासून तिकडच्या टोकापर्यंत ७०१ किलोमीटर, तेवढंच! एरवी सात तास, ट्रेलर मागे असला की नऊ-दहा धरायचे, कारण वेग कमी ठेवायचा आणि दर दोन तासांनी थांबून हुक, साखळ्या आणि टायर हात लावून बघायचे. टायर गरम झालाय का ते हातानेच कळतं!

एक दिवस ॲनिमल किंगडमलाही जाणार. तिथे वाघ आहेत. कोका आणि नागझिऱ्याच्या शेजारची माणसं वाघ बघायला फ्लोरिडाला जाणार म्हटल्यावर गावात दोघा-तिघांनी हसून घेतलं. हसू देत! तिथला वाघ काचेपलीकडे दिसतो, आणि मला तोही बघायचा आहे.

आणि हे सगळं शोधता शोधता काय सापडलं माहीत आहे? आपल्याकडेही हे आहे! कागदावर तरी आहे! महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात एका आखाचा कॅराव्हॅन, दोन आखांचा, तंबूचा ट्रेलर, घडीचा ट्रेलर, सगळे प्रकार नावानिशी दिले आहेत, आत काय असावं तेही, सोफा-कम-बेड, छोटं स्वयंपाकघर, शौचालय. आणि कॅराव्हॅन पार्क, म्हणजे गाडी उभी करून मुक्काम करायची जागा! केरळनेही त्याच वर्षी आपलं धोरण जाहीर केलं. ते वाचल्यापासून मी भंडारा जिल्ह्याकडे वेगळ्याच नजरेने बघते आहे. चांदपूरच्या तलावाचा काठ, आंबागडचा पायथा, कारध्याजवळ वैनगंगेच्या बाजूचं उंच शेत. काय लागतं? सपाट जागा, झाड, नळ, विजेचा खांब आणि सांडपाण्याची नीट व्यवस्था. पाचच गोष्टी! मामाजी सांगतात, महाशिवरात्रीला ते लहानपणी बंडी जोडून गायमुखच्या यात्रेला जायचे, वर ताटव्याचं छप्पर, आत गवत आणि गवतावर घोंगडी, आज्यापासून पोरापर्यंत सगळे त्यात. बंडी झाडाखाली सोडायची, तीन दगड मांडायचे, स्वयंपाक व्हायचा, पोरं पाळण्यात बसायची, रात्री बंडीखालीच झोप. या माणसाला ट्रेलर समजावून सांगायला आम्ही व्हिडिओ कॉल लावत होतो! तुमची कुणाची रस्त्याला लागून मोकळी जमीन असेल, तर मनापासून सांगते, एकदा या पाच गोष्टींचा हिशेब काढून बघा. पहिलं गिऱ्हाईक मी आणते!

तर आता एवढंच ठरायचं राहिलंय, आणि यात मला तुमचं मत हवं आहे. स्वच्छ पाण्याची टाकी निघतानाच अटलांटात भरायची की रिकामी न्यायची? दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो! भाऊजी म्हणतात, वाटेत मुलांना हात धुवायला तरी पाणी लागेल. मामाजी म्हणतात, पाणी हलतं, हलणारा भार सगळ्यात वाईट, एक कॅन पुढे ठेवा आणि टाकी तिथेच भरा. जाऊ दोघांच्या मध्ये. मी मामाजींकडून. रविवारी सकाळी सातला पुन्हा कॉल आहे, तिकडे शनिवारची रात्र असते. तोवर नवरा ट्रेलरचा नकाशा मोठा करून छापून आणणार आहे, कारण ती टाकी आखाच्या पुढे आहे की मागे, हे अजून कुणीच नीट बघितलेलं नाही, आणि सगळं त्याच्यावर आहे!